आकडा रक्तातला, आजार सांध्यातला

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे डॉक्टर आणि पेशंट दोघेही ज्याला नुसतं 'आरए' म्हणतात, त्या आजाराच्या एखाद्या जुन्या रुग्णाची फाइल सवडीने चाळून पाहावी. आरए फॅक्टर तीन वेगवेगळ्या लॅबमधून तीनदा केलेला. ईएसआर जवळजवळ प्रत्येक भेटीला. सीआरपी, अँटी-सीसीपी, युरिक अॅसिड, व्हिटॅमिन डी, आणि कुणी तरी सुचवलं म्हणून एएनए. एवढ्या कागदांत एक साधी नोंद मात्र शोधूनही सापडत नाही. त्या त्या दिवशी रुग्णाचे किती सांधे सुजलेले होते आणि कोणते?

ही नोंद नसणं हा किरकोळ निष्काळजीपणा आहे असं मला वाटत नाही. आजाराची सक्रियता, म्हणजे आज तो शरीरात किती पेटलेला आहे, हे ठरवण्याचं काम आपण रक्ताच्या रिपोर्टवर सोपवलं आहे. रक्त ते काम अर्धवटच करतं. उरलेलं अर्धं बोटांनी सांधे चाचपून करायचं असतं. ते करायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि म्हणूनच बहुधा ते राहून जातं.

मुळात आरएच्या रुग्णापुढे प्रश्न तीन असतात. हा आजार आहे का? असल्यास आज त्याचा जोर किती? आणि पुढे तो हाडांची किती नासधूस करणार? हे तिन्ही वेगळे आहेत आणि एका चाचणीने तिन्ही सुटत नाहीत. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे, आणि त्याचं मोठं उदाहरण म्हणजे आरए फॅक्टर. 1940 मध्ये ओस्लोत एरिक वॉलर यांना दिसलं की काही रुग्णांच्या रक्तद्रवाने मेंढीच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा जोरात गोळा होतात. त्या धामधुमीच्या वर्षी त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. 1948 मध्ये न्यूयॉर्कला हॅरी रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेच पुन्हा सापडलं, आणि चाचणी रूढ झाली. शरीर स्वतःच्याच प्रतिपिंडाविरुद्ध जे प्रतिपिंड तयार करतं, ते म्हणजे हा फॅक्टर. तो आरएच्या साधारण 70 ते 80 टक्के रुग्णांत सापडतो. पण क्षयात, कुष्ठरोगात, हेपटायटिस सी मध्ये आणि चांगल्या ठणठणीत म्हाताऱ्या माणसांतही तो सापडू शकतो. 2006 च्या चिकनगुनियाच्या साथीने महाराष्ट्रात गावंच्या गावं आखडली होती. अशा साथीनंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेल्या माणसाचा फॅक्टर पॉझिटिव्ह आला, तर तेवढ्यावरून त्याच्या कपाळी जन्माचा आरए लिहिणं हा अन्यायच.

1998 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सिट्रुलिन या बदललेल्या अमिनो आम्लाभोवतीचे प्रतिपिंड ओळखले आणि त्यातून अँटी-सीसीपी ही बरीच नेमकी चाचणी आली. ती पॉझिटिव्ह आली तर आरएची शक्यता खूप वाढते, आणि पुढे हाडं कुरतडली जाण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला ती चांगलं उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाला देत नाही. औषधाने सांधे निवळले तरी अँटी-सीसीपी बहुधा पॉझिटिव्हच राहते, आणि आरए फॅक्टर थोडाफार उतरला तरी सांध्यांच्या चढउताराशी त्याचं पाऊल जुळत नाही. 'औषध चालू आहे, तरी फॅक्टर अजून पॉझिटिव्हच' या काळजीने झुरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी तरी स्पष्ट सांगायला हवं की ही चाचणी एकदा झाली, काम झालं. ती दर सहा महिन्यांनी करण्यात पैसा आणि मनःशांती दोन्ही जातात.

मग सक्रियतेसाठी उरतात ईएसआर आणि सीआरपी. दोन्ही उपयोगी आहेत. पण ती नेमकं काय मोजतात ते जवळून पाहायला हवं.

ईएसआरची पद्धत शंभर वर्षांपूर्वीची. स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी 1921 मध्ये ती बसवून दिली. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळायचं, एका अरुंद काचनळीत 200 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत भरायचं, नळी सरळ उभी करायची आणि तासभर थांबायचं. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर द्रवाचा थर मोकळा होतो. त्या थराची मिलिमीटरमधली उंची म्हणजे ईएसआर. शरीरात कुठे दाह असला की यकृत फायब्रिनोजेन जास्त सोडतं. त्यामुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती होतात आणि जड झालेल्या चळती भराभर खाली उतरतात. या सगळ्यात सांध्याचा थेट संबंध कुठेच येत नाही. दाताला पू झाला, लघवीत जंतुसंसर्ग झाला, दिवस गेले, तरी ईएसआर वाढतो. वयाबरोबर तो आपसूक वाढतो. जुना ठोकताळा असा की पुरुषाच्या वयाची निम्मी संख्या आणि बाईच्या वयात 10 मिळवून त्याची निम्मी संख्या इथपर्यंतचा ईएसआर चालायचा. म्हणजे साठीच्या बाईला 35 सुद्धा चालतो, पण रिपोर्टवर त्या 35 पुढे 'हाय' असं ठळक छापलेलं असतं.

आणि रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो, कारण गर्दी कमी झाली की पेशी लवकर खाली बसतात. आपल्यासाठी हा मुद्दा तळटीपेत ढकलण्यासारखा नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आरए पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी जास्त होतो. म्हणजे ज्या चाचणीला रक्तक्षय चकवतो, ती आपण प्रामुख्याने रक्तक्षय असलेल्या बायकांवरच वापरतो, आणि तिच्या आकड्यावरून गोळ्या वाढवतो.

सीआरपीचं तसं नाही. ती जास्त तल्लख आहे. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते यकृतात तयार होतं आणि त्याला हुकूम येतो तो मुख्यतः इंटरल्यूकिन-6 या रेणूकडून. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण 19 तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे दाह वाढला की सीआरपी लगेच चढते, निवळला की लगेच उतरते. रक्तक्षयाने ती फारशी ढळत नाही. दोन्हींतून एकच निवडायची तर मी सीआरपी निवडेन. पण लठ्ठपणात ती थोडी वाढलेली असते, साध्या संसर्गात खूप वाढते, आणि मुख्य म्हणजे कितीतरी रुग्णांचे सांधे ढळढळीत सुजलेले असताना ती नॉर्मल येते. 'रिपोर्ट चांगला आहे, आता दुखतंय ते मनाचं' हे वाक्य अशा वेळी ऐकवलं जातं. सुजलेल्या मनगटाला एकदा हात लावला असता तर ते तोंडातून निघालंच नसतं.

नव्या औषधांनी आणखी एक पेच आणला. टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-6 ची वाटच अडवतं. ते दिल्यावर सीआरपी जमिनीला टेकते, सांधे सुधारोत वा न सुधारोत. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या भारतात आता जेनेरिक स्वरूपात मिळतात. त्याही सीआरपी दाबतात. दाराच्या घंटेची तार तोडली म्हणून दाराशी कुणी आलंच नाही असं होत नाही. अशा रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी गप्प बसू शकते, आणि तिच्यावर विसंबणारा डॉक्टर फसतो. पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांची गोष्ट याहून वाईट. त्यांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. रिपोर्ट सुंदर येतो, दुखणं पळतं, आणि हाडं ठिसूळ होत जातात.

इथे कुणी म्हणेल की म्हणूनच तर मिश्र निर्देशांक काढले आहेत. बरोबर. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या गटाने डीएएस28 तयार केला. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, ईएसआर आणि रुग्णाने स्वतःच्या प्रकृतीला दिलेला आकडा, या चार गोष्टींचं ते सूत्र. 5.1 च्या वर जोर जास्त, 2.6 च्या खाली आजार शमलेला. जगभर हजारो रुग्णांना याने फायदा झाला. तरीही हे सूत्र कागदावर एकदा स्वतः सोडवून पाहावं असं मी प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगेन. त्यात ईएसआरच्या नैसर्गिक लॉगला 0.70 ने गुणतात. समजा एका बाईंचा एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही, प्रकृतीला त्यांनी शून्य आकडा दिला आहे, पण रक्तक्षयामुळे ईएसआर 60 आहे. तेवढ्यानेच निर्देशांक 2.87 होतो. आजार शमलेला असूनही सूत्र म्हणतं, नाही. आता उलट बाजू. पाच सांधे सुजलेले, त्यांतले दोन दुखरे, रुग्णाचा स्वतःचा आकडा 100 पैकी 10, ईएसआर 4. उत्तर येतं 2.53. सूत्राच्या मते हा आजार शमला! पाच सुजलेले सांधे घेऊन ही व्यक्ती घरी जाईल आणि वर्ष-दोन वर्षांत एक्स-रेवर हाडाच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर नवल नाही.

म्हणून 2005 मध्ये व्हिएन्नाच्या डॅनिएल अलेताहा आणि योसेफ स्मोलेन यांनी पुढे आणलेला सीडीएआय मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात रक्तच नाही. दुखऱ्या सांध्यांची संख्या, सुजलेल्या सांध्यांची संख्या, रुग्णाने 10 पैकी दिलेला आकडा, डॉक्टरने 10 पैकी दिलेला आकडा. या चारांची बेरीज. 2.8 किंवा कमी म्हणजे आजार शमला, 10 पर्यंत सौम्य, 22 पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. लॉग नाही, कॅल्क्युलेटर नाही, रिपोर्टची वाट पाहणं नाही.

यात मोजायचे सांधे 28. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, आणि उरलेले 20 दोन्ही हातांच्या बोटांचे. बोट जिथे तळव्याला जोडलं जातं तो पेराचा सांधा आणि त्यापुढचा मधला. अंगठ्याला त्यापुढचा एकच सांधा असतो, तोही धरायचा. नखाजवळचे सांधे यात येत नाहीत, कारण तिथे बहुधा झिजेचा आजार असतो. अंगठ्याने दाबायचं ते इतकंच की दाबणाऱ्याच्या नखाखालचा गुलाबी रंग पांढरा व्हावा. एका हाताच्या दोन बोटांनी सांधा वरून-खालून धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी बाजूंनी दाबायचं. अस्तर सुजलेलं असेल तर आत पिठाच्या गोळ्याला लागतो तसा मऊ दाब परत बोटांना जाणवतो. हाड वाढलेलं असेल तर कठीण लागतं. हा फरक बोटांना एकदा कळला की विसरत नाही. सरावलेल्या हाताला या सगळ्याला चार-पाच मिनिटं पुरतात. या यादीत पावलं आणि घोटे नाहीत, ही तिची खरी उणीव आहे. आरए अनेकदा पावलांतूनच सुरू होतो. तेव्हा 28 मोजून झाल्यावर चपला काढायला सांगणं हे माझ्या मते सक्तीचं असावं.

आता विरोधी बाजू, कारण ती पोकळ नाही. सांध्यांची मोजणी दोन डॉक्टरांची जुळतेच असं नाही, विशेषतः सुजेची. शिवाय चारपैकी दोन आकडे रुग्णाच्या सांगण्यावर उभे आहेत. फायब्रोमायल्जिया असलेल्या रुग्णाला सगळीकडेच दाबलं की दुखतं. त्याचे दुखरे सांधे 20 आणि सुजलेला एकही नाही अशी बेरीज झाली तर औषध वाढवणं चुकीचं ठरेल. दुसऱ्या टोकाला, सूनबाईला सुट्टी नाही, शेताची कामं आहेत, म्हणून 'बरंय आता' एवढंच सांगून उठणाऱ्या बायका आहेत. शून्य ते दहात किती, असं विचारलं की त्या दोन म्हणतात आणि साडीची निरी धरायला बोटं वळत नाहीत हे सांगत नाहीत. अशा ठिकाणी सीआरपी मोलाची साक्षीदार ठरते. रुग्ण बरंय म्हणतो, सीआरपी चढलेली आहे, तर परत नीट बसवून विचारायला हवं. सतत चढी सीआरपी असलेल्या रुग्णांत हाडं जास्त कुरतडली जातात, हेही सिद्ध आहे. त्यामुळे रक्त तपासूच नये असं मी म्हणत नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी सांधे, मग रुग्णाचं म्हणणं, मग रक्त. आणि सांधे व रक्त यांत विसंगती दिसली की रक्ताला आपोआप खरं मानायचं नाही, विसंगतीचं कारण शोधायचं.

हे मोजणं कशासाठी, याचं सगळ्यात बोलकं उत्तर 2004 मध्ये ग्लासगोहून आलं. टिकोरा नावाच्या त्या चाचणीत 110 रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीसारखी बाह्यरुग्ण विभागातली देखभाल. उरलेल्यांना दर महिन्याला बोलवायचं, सांधे मोजून निर्देशांक काढायचा आणि तो ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर त्याच दिवशी उपचार वाढवायचे, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं. औषधं दोन्हींकडे जुनीच, मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांसारखी. महागडं बायोलॉजिक, म्हणजे टोसिलिझुमॅबसारखं इंजेक्शन, एकही नाही. दीड वर्षाने पहिल्या गटात 16 टक्के रुग्णांचा आजार शमला होता, दुसऱ्या गटात 65 टक्क्यांचा. त्या निर्देशांकात ईएसआर होताच, ते लपवायचं कारण नाही. पण फरक पडला तो दर महिन्याला मोजण्याने आणि मोजल्यावर हात बांधून न बसण्याने. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी आपल्याकडेही स्वस्त आहे. हा निकाल येऊन दोन दशकं उलटली तरी आपल्या बहुसंख्य रुग्णांना तो लाभलेला नाही, याचं मला मनापासून दुःख वाटतं.

याच काळात संशोधनाचा आणि बाजाराचा ओघ मात्र अधिक बारीक रक्तचाचण्यांकडे राहिला. अमेरिकेत व्हेक्ट्रा नावाने 12 प्रथिनांची एकत्र चाचणी आली आणि 1 ते 100 असा गुण देऊ लागली. अॅबाटासेप्ट आणि अॅडालिम्युमॅब या औषधांची तुलना करणाऱ्या चाचणीतल्या रुग्णांवर ती ताडून पाहिली, तेव्हा तिचे गुण प्रत्यक्ष आजाराच्या जोराशी जुळले नाहीत. सोनोग्राफीने सांध्यातला दाह डोळ्यांनी दिसतो, म्हणून नॉर्वेतल्या आर्क्टिक चाचणीत तिच्या आधारे औषधं वाढवून पाहिली. 2016 मध्ये निकाल आला. औषधं जास्त दिली गेली, आजार शमण्याचं प्रमाण वाढलं नाही. बोटांना जे कळतं त्याहून सूक्ष्म काही टिपलं म्हणजे रुग्णाचं भलं होतंच असं नाही.

जैविक खुणांवरचं संशोधन त्यामुळे थांबवावं का? मुळीच नाही. पण त्यांना विचारायचा प्रश्न बदलायला हवा. आजार किती आहे हे कळायला हात पुरेसा आहे. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल हे हाताला कळणार नाही, तिथे प्रयोगशाळाच हवी. आज आपण एक बायोलॉजिक देतो, तीन-चार महिने वाट पाहतो, नाही लागू पडलं की दुसरं. तेवढ्या काळात घरातली शिल्लक संपते. लंडनच्या कोस्टँटिनो पित्झालिस यांच्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सांध्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून आधी त्यातल्या बी-पेशी पाहिल्या आणि मग रुग्णांना रिटुक्सिमॅब किंवा टोसिलिझुमॅब दिलं. सूक्ष्मदर्शकाने केलेल्या वर्गीकरणात दोन औषधांतला फरक ठाम दिसला नाही. आरएनए वाचून केलेल्या वर्गीकरणात मात्र बी-पेशी कमी असलेल्यांपैकी 63 टक्के टोसिलिझुमॅबला चांगला प्रतिसाद देताना दिसले, रिटुक्सिमॅबला 36 टक्के. हे अजून रोजच्या वापरातलं नाही, आणि प्रत्येकाच्या सांध्यातून तुकडा काढणं सोपंही नाही. तरी दिशा हीच योग्य आहे. विशेष म्हणजे तो प्रतिसाद मोजायला त्यांनी मुख्यतः वापरला तो सीडीएआय. म्हणजे सांधेच.

एक गोष्ट हेल्थ चेकअपच्या पॅकेजबद्दल. अॅमस्टरडॅमच्या रक्तपेढीतल्या जुन्या नमुन्यांवरून 2004 मध्ये दिसलं की पुढे आरए झालेल्या सुमारे निम्म्या लोकांच्या रक्तात प्रतिपिंड कित्येक वर्षं आधीच होते. यावरून धडधाकट माणसाची अँटी-सीसीपी करून ठेवावी असं वाटू शकतं. पॉझिटिव्ह आली तर त्याला काय देणार? अॅबाटासेप्ट देऊन आजार लांबवण्याचे प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते सांधे दुखू लागलेल्या, डॉक्टरकडे आलेल्या माणसांवर. काहीही त्रास नसलेल्याच्या हाती असा कागद देणं म्हणजे विनाकारण धास्ती देणं. तंबाखू-सिगारेट सोडा हा सल्ला त्याला चाचणीशिवायही देता येतो.

महाराष्ट्रात या आजाराची मोजदाद नव्याने करायची नाही, ती 1996 पासून झालेली आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने भिगवणला प्रशिक्षित स्वयंसेवकांना घरोघर पाठवून दुखण्याची प्रश्नावली भरून घेतली आणि मग डॉक्टरांनी माणसं तपासली. कॉपकॉर्ड या जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या उपक्रमाचा तो भाग. आरए साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. दोनशे माणसांत एक, म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात काही जण. या आजाराचे तज्ज्ञ मात्र पुणे-मुंबई-नागपूरसारख्या शहरांत एकवटलेले. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला दर महिन्याला त्यांच्याकडे जाणं जमणार नाही.

पण 28 सांधे मोजायला तज्ज्ञच लागतो असं कुठे आहे? युरोपात हे काम प्रशिक्षित परिचारिका वर्षानुवर्षं करत आहेत. आपल्या उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजतो, साखर तपासतो. त्याला सांधे चाचपायला शिकवता येईल. केसपेपरवर दोन हातांचं चित्र छापलेलं असावं, दुखऱ्या सांध्यावर एक खूण, सुजलेल्यावर दुसरी, खाली चार आकडे आणि त्यांची बेरीज. बेरीज 10 च्या वर गेली की फोनवर तज्ज्ञाला ती सांगायची. रक्तावर खर्च करायचाच तर तो मेथोट्रेक्सेट सुरक्षित ठेवणाऱ्या तपासण्यांवर व्हावा, म्हणजे हिमोग्राम, एसजीपीटी, क्रिएटिनिन. आणि त्याच केसपेपरवर गोळी घ्यायचा वार मोठ्या अक्षरात लिहिलेला हवा, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतते. हे चित्र, हे चार रकाने आणि हा वार छापायला सरकारला नवी इमारत लागणार नाही. छपाई आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण एवढाच खर्च आहे, आणि एखाद्या जिल्हा रुग्णालयाने पुढच्या आर्थिक वर्षात तो करून पाहायला हरकत नाही.